हॅस्केलचं झाड

पेकनचं झाड आलं तशी लूशियस मामांनी गाडी सडकेच्या उजव्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते आरशात बघत बसले.

शेजारी बसलेल्या डेल्फीननं मागं वळून पाहिलं. मिसिसिपीतली सरळसोट सडक, दोन्ही अंगांना कापूस. वाऱ्याची झुळूक नाही. मागं कुणी नव्हतं.

"मामा, गाडी बिघडली का?"

"हात दिसतील असे ठेव, पोरी. हॅस्केल साहेब येतोय."

तिला हसू आलं. "तो पोलीस मरून नऊ वर्षं झाली. तुम्हीच सांगितलं होतंत फोनवर."

"मेला. पण या झाडापाशी गाड्या अडवायचं सोडलं नाही त्यानं. आपल्या काळ्या माणसांतलं कुणी इथं थांबल्याशिवाय पुढं जात नाही. पर्किन्सचा जावई गेला होता तोऱ्यात. गाडी सापडली. इंजिन चालू, दारं उघडी."

पावणेदहा झाले होते. दहाला कोर्टात डेल्फीनला वकिलीची शपथ घ्यायची होती, आणि तिथले न्यायाधीश कुणासाठी खोळंबत नसत.

"मामा, कारण नसताना जिवंत पोलिसालासुद्धा गाडी अडवता येत नाही. कायदा आहे. 'मी जाऊ का' असं सरळ विचारायचं. कारण नसेल तर सोडावंच लागतं."

"एवढी शिकलीस. मग विचार की."

ती मामांच्या बाजूच्या उघड्या खिडकीकडे वाकली. "साहेब, आम्ही जाऊ का?"

काही हललं नाही. मामा मात्र मान तिरकी करून ऐकत होते. "होय साहेब. बहिणीची मुलगी माझी. नाही साहेब, उलट नाही बोलणार ती."

मामांच्या मांडीवरचं ऊन गेलं. तिथं सावली पडली होती. झाड तर डेल्फीनच्या बाजूला होतं.

"तुझं ओळखपत्र मागतोय," मामा म्हणाले.

नुसतं शेजारी बसलेल्यानं ते दाखवायची गरज नसते, हे तिला पाठ होतं. सांगायला तिनं तोंडही उघडलं. पण हात आपसूक पर्सकडे गेला.

"आधी विचार," मामा ओठ न हलवता कुजबुजले. "विचारल्याशिवाय आत हात घालू नकोस. पिस्तूल काढतेस असं वाटेल त्याला."

हात होता तिथंच थांबला.

"साहेब," डेल्फीन समोर बघत, सावकाश म्हणाली, "ओळखपत्र पर्समध्ये आहे. काढू का?"