नात्यातलं क्रियापद

"'फसवणे' एवढ्यानं भागणार नाही," मुख्य संपादक चष्मा पुसत म्हणाले. "फसवायला त्या भाषेत ढीगभर क्रियापदं आहेत. हे कसं फसवतं, ते सांगा."

शब्द होता 'कझन'. जुनं, पुस्तकी इंग्रजी क्रियापद. आता फक्त नाटका-कादंबऱ्यांत भेटणारं. कोशाच्या कचेरीत सगळे जिला टाचणी म्हणत, तिनं दुपारभर जाडजूड ग्रंथ उपसले आणि संपादकांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"'कझिन'वरून आलं असावं. मावस, मामे, चुलत वगैरे. पूर्वी भामटे दारोदार जायचे, मी तुमचा लांबचा भाऊ म्हणायचे आणि फुकट जेवून-राहून गंडा घालायचे. पण ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही."

"मग 'असावं' ठेवा. आणि अर्थ?"

"नातं सांगून फसवणे."

"आता नेमकं झालं. असा एखादा पाहुणा प्रत्येकाच्या घरी असतोच म्हणा."

टाचणी हसली नाही. आज पाहुणी येणार होती.

पाहुणी हे नाव तिनंच मनातल्या मनात ठेवलेलं. ती बाई दोन-तीन महिन्यांनी यायची, चार दिवस राहायची, आणि ते चार दिवस टाचणी मैत्रिणीकडे काढायची. "एका म्यानात दोन तलवारी कशाला?" असं टाचणी ज्याच्यासोबत राहायची, तोच म्हणायचा. या खेपेला मात्र हलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा तो दाढी करत होता. पलंगावर कोरी चादर होती.

"माझ्यासाठी कधी बदलली नाहीस."

"धुवायला झाली होती."

आरशापुढचा तिचा कंगवा त्यानं उचलून खणात टाकला.

"तो कशाला?"

"तिला दुसऱ्याच्या वस्तू वापरायची खोड आहे."

टाचणीला हे पटलं. खरं तर आवडलं.

"आज तिला सांगणार आहेस ना?"

"सांगतो म्हटलं ना."

"मागच्या खेपेलाही म्हणाला होतास."

"अगं, नातं आहे ते. झुरळासारखं झटकता येतं का?"

"नावापुरतं आहे, असं तूच म्हणतोस. नात्याच्या नावाखाली घरात शिरणाऱ्यांसाठी एक क्रियापद आहे. आजच शिकले."

तिनं त्याला 'कझन' सांगितलं, अगदी व्युत्पत्तीसकट. तो आरशात बघत ऐकत राहिला.

"छान आहे," तो म्हणाला. त्याच्या गालावर रक्ताचा एक ठिपका उमटला होता.

टाचणीनं चहाचं आधण ठेवलं आणि तीन कप मांडले. त्यातला एक त्यानं परत आत ठेवला आणि फडताळाच्या मागच्या बाजूचा निळा कप काढला. "ती यातच पिते."

मत्सराला लोक आग म्हणतात. टाचणीला तो आम्लासारखा वाटे. धूर नाही, आवाज नाही. नुसतं खात जायचं. तो खिडकीशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता, केस नीट करत होता, आणि ती त्याच्या पाठीकडे बघत होती. आपण उशिरा येतो, तेव्हा हा खिडकीशी उभा असतो का?

जिन्यात पावलं वाजली. बेल वाजली नाही. कुलपात किल्ली फिरली आणि दार उघडलं.

बाई प्रवासानं दमलेली होती. तिनं न बघताच दारामागच्या खुंटीला पर्स अडकवली, मग टाचणीकडे पाहिलं.

टाचणी ताठ उभी राहिली. "सांग," ती त्याला म्हणाली.

त्यानं घसा खाकरला.

"ही माझी मावसबहीण. इथे कोशात काम करते."

बाईनं टाचणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग निळा कप आपल्याकडे ओढून घेतला. तिच्या चेहऱ्यावर राग असा नव्हताच.

"आणखी एक?" ती म्हणाली. "सासूबाईंना बहिणी तरी किती रे?"