लाल फुग्याचं तोंड

रत्नमालाचं भाषण पुन्हा श्वासनलिकेपाशी अडलं, कारण तिच्या चार वर्षांच्या भावानं, सुगतनं, पुन्हा भोकाड पसरलं होतं.

उद्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि आठवीतून तिचं मॉडेल निवडलं गेलं होतं. बूड कापलेली प्लास्टिकची बाटली, झाकणातून आत सोडलेली नळी, नळीला दोन छोटे फुगे म्हणजे फुफ्फुसं, आणि बुडाशी ताणून बसवलेला लाल फुग्याचा पडदा म्हणजे श्वासपटल. पडदा खाली ओढला की फुफ्फुसं फुगायची, वर दाबला की पिचकायची. सुगतला मात्र सकाळपासून त्यातली एकच गंमत कळली होती. ताईनं नळीच्या वरच्या तोंडावर मुरमुरा ठेवायचा, खालून पडदा दणकन दाबायचा, की मुरमुरा टुणकन उडायचा. तोच खेळ त्याला अजून हवा होता आणि ताईला भाषण पाठ करायचं होतं.

"अबे, चूप बस ना!" ती खेकसली. पडदा कापताना उरलेलं लाल फुग्याचं तोंड तिनं त्याच्या हातात कोंबलं. "हे घे. आता आवाज नाई पाहिजे मले."

सुगत चूप झाला. रबर तोंडात ओढून बारके बारके फुगे करत बसला. तिला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात आईनं, भावनानं, जेवायला हाक मारली. मासोळीचा रस्सा आणि भात. पंचफुला आजीनं नातवाला मांडीवर घेतलं आणि एकेक काटा काढून त्याला घास भरवायला लागली. काट्याच्या बाबतीत आजीचा हात धरणारं आंधळगावात कोणी नव्हतं. कोणाच्या घशात काटा रुतला की लोक डॉक्टरच्या आधी तिच्याकडे धावत. कोरड्या भाताचा गोळा करायचा, न चावता गिळायला लावायचा, गोळ्यासंगं काटा खाली. आजीचा गोळा आजवर कधी वाया गेला नव्हता.

दोन-चार घास झाले असतील नसतील, सुगतचे डोळे एकदम मोठे झाले. त्यानं दोन्ही हातांनी गळा धरला. तोंड उघडं, पण आवाज नाही.

"काटा अटकला वो माय!" भावना ओरडली आणि त्याच्या टाळूवर थापटायला लागली.

"सारे काढले होते मी," आजी म्हणाली, पण तिचा हात भाताच्या गंजात गेलाही होता. "घाबरू नोको. तोंड धर त्याचं. आत्ता जाते खाली."

रत्नमाला ताटावरून उठली. सुगतचे ओठ जांभळे पडत होते. काटा रुतला की माणूस ओरडतो, खोकतो. गेल्याच महिन्यात शेजारचे परसराम काका याच ओसरीवर बसून केवढे बोंबलले होते! हा तर खोकतसुद्धा नव्हता. आवाज निघतो कशानं? तिच्या भाषणातलंच वाक्य होतं: फुफ्फुसातली हवा स्वरयंत्रातून बाहेर पडते, तेव्हा. हवाच निघत नव्हती. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. लाल तुकडा हातात नव्हता. खाली नव्हता. ताटातही नव्हता.

"आजी, भात नोको देऊ! काटा नाई तो!"

"सरक वो पोरी मधातून."

"हवेच्या नळीत गेलं काहीतरी! वरून कोंबशील तं अजून गच्च बसंल!"

"मले शिकवते?" गोळा सुगतच्या ओठांपर्यंत पोचला होता.

रत्नमालानं आजीच्या हातावर फटका मारला. त्या घरात आजीला उलटून बोलायची कोणाची छाती नव्हती, आणि हिनं चक्क हात उचलला. भात जमिनीवर सांडला. "रत्ने!" भावना किंचाळली. रत्नमालानं ऐकलं नाही. सुगतला आजीच्या मांडीवरून ओढून उभं केलं, त्याच्या मागे गुडघे टेकले, बेंबीच्या वर, फासळ्यांच्या खाली मूठ लावली आणि आत, वर, जोरात दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. सुगत तिच्या हातांवर लोळागोळा झाला. मुरमुरा, तिच्या डोक्यात एवढंच होतं, मुरमुरा उडाला पाहिजे. तिनं होता नव्हता तेवढा जीव लावून मूठ वर खेचली.

टप्पकन काहीतरी आजीच्या पदरावर येऊन पडलं. लाल, लाळेनं बरबटलेलं.

सुगतनं घरघरत लांबलचक श्वास ओढला आणि घर डोक्यावर घेतलं. भावनानं त्याला छातीशी घट्ट धरलं आणि तीही रडायला लागली.

"मीच देला होता तो तुकडा," रत्नमाला म्हणाली. "चूप बसावा म्हणून."

आजीनं तो तुकडा उचलला, बोटांत धरून कितीतरी वेळ पाहत राहिली. तिच्या तळव्याला अजून भाताची शितं चिकटलेली होती.

आरडाओरडा ऐकून परसराम काका दारात आले. "काहून रडून राहिलं पोट्टं एवढं? चूप करा ना त्याले!"

"गाडी काढ गा परसराम," आजी पदरानं डोळे पुसत उठली. "डॉक्टरले दाखवून आणू. अन् कोणी चूप नोको करू त्याले. मोहाडीच्या दवाखान्यापर्यंत रडू दे."