जिन्यातला पहारेकरी

बाळांनो, अशी कल्पना करा, की दाराबाहेर ठेवलेले तुमचे धावायचे बूट दोनदा नाहीसे झालेत आणि आई म्हणतेय, "तिसरा जोड गेला तर शर्यत विसर." धाकटीचं अगदी असंच झालं होतं. जिन्यात चपला ठेवणाऱ्यांवर कायम डाफरणारे वरच्या मजल्यावरचे काकाही तिला येता-जाता ऐकवत, "वस्तू सांभाळायला शिक गं पोरी!"

धाकटीनं दातओठ खाल्ले. "सापडू दे, सोडणार नाही!" पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक, त्याला जोडलेला नखाएवढा कॅमेरा आणि पॉवर बँक तिनं भोक पाडलेल्या खोक्यात बसवली. दर मिनिटाला एक फोटो काढून वायफायवरून घरातल्या टीव्हीवर पाठवायचा, एवढंच त्याला शिकवलं. नवे बूट आणि खोकं दाराबाहेरच्या चपलांच्या मांडणीत ठेवून ती शाळेत गेली. संध्याकाळी येऊन पाहते तर बूट गायब, आणि खोकंही!

"चोरानं पहारेकरीच पळवला की!" दादा पोट धरून हसला.

रडवेल्या धाकटीनं टीव्ही लावला. फोटो अजून येतच होते. वरचे काका चष्मा कपाळावर चढवून खोक्याच्या भोकात डोकावत होते, आणि त्यांच्यामागे अख्ख्या इमारतीच्या चपला ओळीनं मांडलेल्या होत्या.

धाकटीनं डोळे पुसले, फोटो थांबवून व्हिडिओ सुरू केला आणि एकेका दाराची बेल वाजवत सुटली,


"लवकर या, आमच्या टीव्हीवर तुमच्या चपला दाखवतायत!"