पाच झटके

दुसरा ठोसा जबड्यावर बसला आणि पाणबुड्या खुर्चीसकट मागे कोसळला. त्याचा एक दात टेबलाखाली गेला. भिंतीवरच्या टीव्हीत राष्ट्राध्यक्षांचं भाषण चालूच होतं.

गोदीच्या त्या कँटीनमध्ये सात देशांची माणसं एका टेबलाशी जेवायला बसत. प्रत्येक जण एकच भाषा आपापल्या पद्धतीने मोडून बोलायचा. तोंडी लावायला राजकारण असायचं. कुठला पुढारी केस रंगवतो, कुणाला घरात बायको विचारत नाही, कुणाला कुणाबरोबर एका कोठडीत डांबावं, यावर रोज हशा पिकायचा. आजही सुरुवात तशीच झाली होती.

"आमचा म्हातारा बघा," पाणबुड्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला होता. "रक्तदाबाची गोळी घ्यायला विसरतो, बॉम्ब टाकायला विसरत नाही."

"झोपेत बटण दाबत असेल," क्रेनवाला म्हणाला.

"दाबू दे की. आमच्या दोरीवाल्याच्या शहरात गाड्या लावायला जागा नव्हती म्हणे. आता भरपूर झाली असेल."

सगळे हसले. त्या शहरात दोरीवाल्याचा, म्हणजे काठावरून पाणबुड्याची दोरी धरणाऱ्याचा, धाकटा भाऊ राहत होता. सकाळीच भावजयीचा फोन आला होता. ढिगाऱ्यातून भावाचा फक्त एक हात निघाला होता. तिने तो अंगठीवरून ओळखला. हे दोरीवाल्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आताही त्याने ते सांगितलं नाही. खाली पडलेल्या पाणबुड्याच्या छातीवर त्याने गुडघा रोवला आणि भुवई फुटेपर्यंत त्याला मारलं. चौघांनी मिळून त्याला मागे खेचलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आज पाण्यात उतरशीलच ना? दोरी माझ्याच हातात आहे."

पाणबुड्याने रक्त थुंकलं.

मुकादम दारातून ओरडला. "झालं का तुमचं महायुद्ध? भरती ओसरायच्या आत ते दार बसवायचंय. माझ्याकडे दुसरी जोडी नाही. उठा!"

दार लोखंडी होतं, अठरा टनांचं. ते बसलं की आतलं पाणी उपसून गोदी कोरडी करायची. आत्ता ते क्रेनला उभं लटकत होतं, अर्धं पाण्याच्या वर, अर्धं पाण्यात. तळाशी ज्या खाचेत ते बसणार होतं, तिच्यात गाळ आणि दगड साचले होते. ते हाताने काढायचे होते. क्रेन चालू असताना दाराखाली माणूस पाठवायचा नाही, असा नियम होता. भरती ओसरायला लागली की तो नियम मुकादमाला आठवत नसे.

पाणबुड्या भुवईवर चिकटपट्टी लावून, पाठीवर हवेची टाकी आणि मांडीला सुरी बांधून खाली गेला. पाणी इतकं गढूळ होतं की त्याला स्वतःचा हातही दिसला नसता. त्याच्या कमरेला दोरी होती आणि तिचं दुसरं टोक काठावरच्या दोरीवाल्याच्या हातात होतं. एक झटका म्हणजे "ठीक आहेस ना?" पाच झटके म्हणजे "वर ये." खालून पाच झटके परत आले की मगच ओढायचं, त्याआधी नाही. सहा वर्षांत या दोघांनी ते एकदाही मोडलं नव्हतं. त्या सहा वर्षांत पाणबुड्याची मुलगी दोरीवाल्याला काका म्हणायला लागली होती.

दोरीवाल्याने एक झटका दिला. उत्तर आलं, पण बऱ्याच वेळाने.

मग वर क्रेनचा ब्रेक कचकचून सुटला आणि दार खाली सरकायला लागलं.

ते धाडकन पडलं नाही. हळूहळू उतरत गेलं. दारावर खालून वर आकडे रंगवलेले होते. दहाला पाणी लागलं की दार तळाला बसलं असं समजायचं. आत्ता पाणी सहाला होतं. क्रेनवाला वरून काहीतरी ओरडत होता. सहा बुडाला. दोरीवाला तो आकडा बुडताना बघत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर अंगठी होती. तो एक श्वासभर तसाच उभा होता. पाच झटक्यांना आणि त्यांच्या उत्तराला तेवढाच वेळ लागला असता.

मग तो भानावर आला आणि पाच झटके न देताच त्याने जीव खाऊन दोरी ओढली.

दोरी ताठ झाली. खालून ती उलटी खेचली गेली. त्याने कठड्याला पाय लावून पुन्हा ओढली. तळहाताची सालटी निघाली. उजवा खांदा सांध्यातून निखळला, तरी त्याने सोडली नाही. "वर ये, अरे वर ये ना, गाढवा!" तो ओरडत होता. पाण्याखाली ते पोचत नव्हतं. सात बुडाला. खालचा माणूस सगळं अंग टाकून दोरीला विरोध करत होता.

मग एकदम दोरी हलकी झाली आणि तो पाठीवर आपटला. पाणी तेव्हा आठाला होतं.

नऊ बुडाला. दहाला पाणी लागलं. दार बसल्याचा दणका काठावरच्या सगळ्यांच्या तळपायांना जाणवला. हवेचे मोठे बुडबुडे वर आले. त्यांच्यामागून गढूळ पाण्यात तांबूस रंग पसरत गेला.

मुकादम धापा टाकत आला. "दाराखाली सापडून तुटली रे," तो म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय. तू शेवटपर्यंत ओढत होतास."

दोरीवाला एका हाताने दोरी गोळा करत राहिला. शेवटी टोक वर आलं. ताणाने तुटलेली दोरी पिंजते, चिरडलेली चपटी होते. ही गोल होती आणि तिचे तिन्ही पेड सुरीने एका रेषेत कापलेले होते.