पेटीतली खरखर

दुसऱ्या गाण्याला स्पीकरमधून खरखर येऊ लागली. वाद्यवृंदाची साउंड इंजिनिअर मृण्मयीने केबल बदलल्या, अर्थिंग तपासलं, मंचावरचा एकेक माईक बंद करून पाहिला. खरखर थांबेना. शेवटी तिने पडद्यामागची काचेची पेटी उघडली.

आत नलिनीताईंचा गळा गात होता. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. हा गळा त्यांच्या पेशींपासून वाढवलेला होता. त्यावर पिवळा, बुळबुळीत थर साचला होता आणि आंबूस वास येत होता. दर ओळीनंतर गळा खोकत होता.

"किती दिवस पेटीतलं पाणी बदललं नाहीत?" तिने मालकांना, श्रीपादरावांना विचारलं. "हा आजारी आहे. कार्यक्रम थांबवा."

"बायको माझी होती, तू मला शिकवू नकोस. फ्रीजमध्ये तिचे आणखी चार गळे आहेत. हा फेक आणि दुसरा लाव."

 मृण्मयीने स्पीकर बंद केले, उघडी पेटी उचलली आणि मंचाच्या मधोमध नेऊन ठेवली. नलिनीताईंच्या आवाजावर जीव टाकणाऱ्या लोकांनी तो खोकला ऐकला. मग एकेक जण नाकाला रुमाल लावून उठू लागला.