दादा सांगतो तेच

थोरल्या भावाच्या खुनाचा आरोपी. खटला समजण्याइतकं त्याचं डोकं ठिकाणावर आहे का, हे डॉक्टरीणबाईंना ठरवायचं होतं. उत्तरं तो अचूक देई, पण प्रत्येक वेळी आधी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे कान लावी. सकाळभर हेच! बाई अगदी जेरीस आल्या.

"अहो, माझ्याकडे बघून बोला ना!"

"दादा सांगतो तेच बोलतो, बाई."

"पुरे झाली नाटकं!" बाईंनी खुर्ची फरफटत बाहेर नेली, दार लावलं आणि विचारलं, "न्यायाधीश काय करतात?"

तो भांबावला. ओठ हलले, पण शब्द फुटेना.

तेवढ्यात पोलिसाने दार उघडलं. तोही वैतागला होता.

"बाई, बाहेर बसवलेल्या ह्या गृहस्थांना आत घ्या बरं. धाकट्याला एकट्याला उत्तर येणार नाही म्हणून माझं डोकं खाताहेत."