झोपलेलं गिऱ्हाईक

"काका, डोकं हलवू नका हं," पाठीमागून सर्जनबाई म्हणाल्या, आणि ऑपरेशनच्या टेबलावर कुशीवर निजलेल्या सलूनवाल्या काकांना हसूच आलं. हे वाक्य उभ्या जन्मात त्यांनी किती डोक्यांना ऐकवलं होतं, त्याची मोजदाद नव्हती. आज त्यांचंच डोकं चिमट्यात घट्ट बसवलेलं होतं. कवटी तेवढ्यापुरती उघडली होती, मेंदूतली गाठ निघत होती आणि काका टक्क जागे होते.

समोर स्पीच थेरपिस्ट मुलगी चित्रं घेऊन बसली होती. चित्र दिसलं की नाव सांगायचं, मधल्या वेळात गप्पा मारायच्या, पण तोंड बंद ठेवायचं नाही. गाठ बोलण्याच्या जागेला अगदी खेटून होती. काका बोलत राहिले तरच बाईंना कळणार, कुठवर कापायचं.

"हे काय?"

"छत्री."

"आणि हे?"

"कंगवा. पण दात फार दाट आहेत. मी नसता घेतला."

काकूंनी काल बाईंना परोपरीनं विनवलं होतं, "यांना पूर्ण भूल द्या हो. घाबरतील. शिवाय जागे ठेवलंत तर तुमचेच कान किटतील." काका बधले नाहीत. केस काय, कुठेही कापून मिळतात. त्यांच्याकडे लोक यायचे ते गप्पांसाठी. बोलणं गेलं तर आरशासमोर मुक्यानं उभं राहायचं, हे त्यांना मान्यच नव्हतं.

"काका, मग झोपूनच का नाही करून घेतलंत?" मुलीनं विचारलं.

"अगं, झोपलेल्या गिऱ्हाईकाला मी हात लावत नाही. एकदाच लावला. एक पोस्टमास्तर होते. खुर्चीत टेकले की घोरायला लागायचे. मी विचारलं, साहेब, हीसुद्धा उतरवू का? त्यांची मान डुलली. मला वाटलं, हो म्हणाले. फिरवला वस्तरा! जागे झाले, आरशात बघितलं आणि बोंबलले, अरे, माझी... माझी..."

काका थांबले.

पोस्टमास्तरांच्या नाकाखालची ती झुपकेदार गोष्ट त्यांना लख्ख दिसत होती. नाव मात्र येईना. जीभ लाकडासारखी पडून राहिली. काकांचे डोळे भीतीनं विस्फारले. मुलीनं झटकन हात वर केला.

"अडले, मॅडम."

"मीच अडवलंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "बोलण्याची जागा नेमकी कुठे, ते बघायला विजेची बारीक तार टेकवली होती. ही घ्या, काढली. बोला काका."

"मिशी!"

काका असे ओरडले की भूल देणारे डॉक्टर स्टुलावर दचकले. मग सगळेच हसले. काकांच्या जिवात जीव आला. बाईंनी खात्री करायला तिथेच पुन्हा तार टेकवली, शब्द पुन्हा पळाला, तार काढल्यावर पुन्हा आला.

थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "काका, गाठ बहुतेक सगळी निघाली. पण तुम्ही अडलात ना, तिथे नखाएवढा तुकडा चिकटून बसलाय. तो ओढला तर बोलणं जाईल. ठेवला तर औषधं घ्यावी लागतील, अधूनमधून तपासायला यावं लागेल. मी म्हणते, ठेवूया. तुमचं काय?"

काकांनी डोळे मिटले.

"काका, झोपलात?" मुलगी घाबरली.

"झोपतोय कसला!" मान डोलवायची सोय नव्हती, ते एका परीनं बरंच झालं. काकांनी घसा साफ केला आणि एकेक शब्द सुटा सुटा, मागच्या भिंतीपर्यंत जाईल असा उच्चारला.

"डॉक्टर, मिशी राहू द्या."